मंडळीस जागा दिली

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी विमा विकणाऱ्या मुलींचे फोनसुद्धा मध्येच कापत नसे. त्या पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवायच्या, मी हं हं करायचो, आणि शेवटी त्याच कंटाळून फोन ठेवायच्या. मुलगा पुण्याला असतो. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, तब्येत झाली, गोळ्या झाल्या, की पुढे काय बोलावं याचा दोघंही विचार करत बसतो. धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे. भूमापन खात्यात हयात गेल्यामुळे मला मोजायची खोड. दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा पावलं, जिन्याच्या पायऱ्या सतरा. रिटायर झालेला माणूस स्वतःचंच घर मोजत फिरत असेल, तर तो किती रिकामा असेल ते तुम्हीच समजा.

अशात एका दुपारी मोटारसायकलवरून एक पस्तिशीचा माणूस आला. पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एक वस्ती आहे, तिथले ते ख्रिस्ती पाळक. मला मोडी वाचता येतं हे त्यांना कचेरीतून कुणीतरी सांगितलं होतं. वस्तीवर कुडाच्या भिंतींची आणि पत्र्याची एक प्रार्थनेची शेड आहे, ती पाडून पक्कं चर्च बांधायचं ठरलंय. शेड रिकामी करताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली आणि पेटीत तेवीस पत्रं. शंभरएक वर्षांपूर्वीची, तिथल्या पहिल्या पाळकांच्या हातची. धुळ्याला मिशनचे गोरे साहेब बसत, त्यांना ते बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, पत्र पाठवायचे आणि मोडीत नक्कल स्वतःजवळ ठेवायचे. पेटीतल्या त्या नकला.

"पत्रं आणलीत का?" मी विचारलं.

"नाही ना. अक्का देत नाहीत. म्हणतात, वाचणाऱ्याला इथं आणा."

मी तोंडदेखली कुरकुर केली. गुडघे, एसटी, ऊन, सगळं सांगून झालं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून साक्रीच्या बसमध्ये बसलो.

अक्का म्हणजे त्या पहिल्या पाळकांची नात. ब्याऐंशी वर्षांच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, लग्न केलं नाही. शेडला लागून एका खोलीत एकट्या राहतात आणि शेडची किल्ली कमरेला. एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या वस्तीशी बोलावं लागतं. त्यांना पत्रांतून एकच गोष्ट हवी होती. चर्च कुठं बांधायचं यावरून वस्तीत दोन तट पडले होते. तरुण माणसं म्हणत, डांबरी रस्त्याला लागून बांधू, गाड्या येतील, लग्नकार्याला बरं. अक्का म्हणत, आजानं जिथं योजलं होतं तिथंच. आजोबांनी चर्चची सगळी आखणी केली होती, परवानगी आणि मदत मागत वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, आणि चर्च न होताच ते गेले, एवढं घरात सांगत आले होते. जागा मात्र कुणालाच माहीत नव्हती. शेवटी ठरलं की पत्रात जी जागा निघेल ती सगळ्यांनी मान्य करायची.

म्हणजे जागा मी ठरवणार होतो. माझी छाती दोन इंच फुगली, खोटं कशाला सांगू.

पहिल्या दिवशी शेडमध्ये दहा-पंधरा माणसं जमली. मोडीत शब्द एकमेकांना चिकटून येतात, ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही. पण पाळकांचं अक्षर स्वच्छ होतं. मी ऐटीत वाचायला लागलो. 'मंडळी उघड्यावर बसते, उन्हाचा फार उपद्रव होतो, तरी छपराची तजवीज लवकर व्हावी.' मी थांबून म्हटलं, "अक्का, तुमच्या आजोबांचा बायकोवर भारी जीव होता." अक्कांनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पुढच्या पत्रात होतं, 'मंडळी दिवसेंदिवस वाढत आहे.' मी आवाज जरा खाली आणला. म्हटलं, घरात पाळणा हलणार असेल, बायामाणसांसमोर कशाला मोठ्यांदा वाचा. तिसऱ्यात आलं, 'मंडळीत दोन कुटुंबांची भांडणे झाली', आणि दोन बायका की काय, म्हणून मी चष्मा पुसायला काढला.

एवढ्यात पाळकसाहेबांना हसू आवरेना. मग सगळी शेड हसायला लागली. अक्का बोळक्या तोंडानं सगळ्यांत जास्त हसल्या. "ओ भाऊ, मंडळी म्हंजे आम्ही बठ्ठा!" त्या म्हणाल्या.

ख्रिस्ती मराठीत चर्चच्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या डोक्यात मंडळी म्हणजे बायकोच. आमच्या पिढीचा पुरुष चारचौघांत बायकोला बायको म्हणत नाही आणि तिचं नाव तर मुळीच घेत नाही. मंडळी माहेरी गेलीय, मंडळीला विचारून सांगतो, असंच बोलणं. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये वाईट वाटलं. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी माणूस साहेबाला पत्र लिहून बायकोला ऊन लागतंय म्हणून छप्पर मागतोय, या कल्पनेनं मला दोन तास फार सोबत केली होती. ती सोबत गेली.

त्या दिवसापासून मी एक केलं. वहीत जिथं जिथं मंडळी आलं तिथं तिथं डोळे झाकून कंसात 'चर्चचे लोक' लिहिलं. पुन्हा हसं करून घ्यायचं नव्हतं.

मंगळवार आणि शनिवार, असे माझे दिवस ठरले. धुळ्याहून पिंपळनेर, तिथून जीप. अक्कांच्या खोलीत खाटेवर पत्रं पसरायची, एकेक ओळ वहीत उतरायची, मग मोठ्यानं वाचून दाखवायची. दुपारी नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ. "बठा, भाऊ. आधी जेवा," असं कुणीतरी आपल्याला म्हणतंय, याची सवय फार लवकर लागते. वाचन सहा दिवसांत संपलं असतं. मी ते दोन महिने चालवलं. एखादं अक्षर लागत नाही म्हणून सांगायचं आणि पुढच्या शनिवारवर ढकलायचं. सरकारी नोकरीत हे कसब आपोआप अंगी येतं.

आणि पत्रंही तशीच होती. त्या पाळकांनी डोक्यात सगळं चर्च बांधून ठेवलं होतं. भिंती नाल्याच्या दगडाच्या, चुन्यात. सागाच्या तुळया सात. दार दोन झापांचं, पण उंबरठा ठेवू नये, म्हाताऱ्यांना ठेच लागते. सुतारकामाला दोघे भाऊ ठरवले होते, त्यांना ते थोरला आणि धाकटा म्हणत. नवव्या पत्रात होतं, 'मंडळीच्या म्हणण्यावरून पश्चिमेस एक खिडकी वाढविली आहे. पावसाची झड येईल हे खरे, परंतु तिकडून डोंगर दिसतो.' मी मनात म्हटलं, छान, म्हणजे तेव्हाही मीटिंगा होत होत्या. साहेबांची उत्तरं पेटीत एकही नव्हती. दर पत्राची सुरुवात 'आपले उत्तर पावले नाही' अशी. डोंगराच्या पायथ्याशी बसून एक माणूस वर्षानुवर्षं एकट्यानंच बोलत होता. मला तो आवडायला लागला होता. रात्री घरी आल्यावर अकरा पावलं चालताना मी कधीकधी त्याच्याशी बोलायचोसुद्धा.

जागेबद्दल मात्र अक्षर नाही. जागा त्यानं आणि साहेबांनी बहुधा मिळून पाहिली असणार, लिहायची गरजच नव्हती. अक्का रोज विचारायच्या, "जागा निंघनी का, भाऊ?" मी मान हलवायचो. त्यांचं तोंड उतरायचं.

एकोणिसाव्या पत्रात ताप आला. 'मंडळीस हिवतापाने घेरले आहे. क्विनाईन पाठवावे.' विसाव्यात, 'मंडळी उठून बसत नाही. उपासना मी एकटाच करतो.' वस्ती अंथरुणाला खिळली असणार, असं मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या भागात हिवतापानं घरंच्या घरं बसली होती हे म्हाताऱ्यांनी ऐकलेलं होतं. आणि एकविसाव्यात जागा निघाली.

'मंडळीस चिंचेखाली जागा दिली. जमीन मुरमाड, खणावयास दुपार झाली. धाकटा रोज विचारतो. धुळ्यास गेली म्हणून सांगतो. कळावे.'

मी ते तीनदा वाचलं. सरळ होतं. चर्चच्या लोकांना चिंचेखालची जागा मिळाली, पायाचा अंदाज घ्यायला खड्डा खणला, धाकट्या सुताराला कामाची घाई, आणि अर्जी मंजुरीसाठी धुळ्याला गेली. आधीच्या पत्रांत ती अर्जी होतीच. मी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही ठोकली, भूमापन खात्यातून निवृत्त, असंही लिहिलं. शेडच्या मागच्या टेकाडावर जुनी चिंच अजून उभी आहे. अक्कांनी माझे दोन्ही हात धरले आणि त्या रडल्या. रस्त्यावाल्या तटानं निमूट मान्य केलं. पुढच्या आठवड्यात चिंचेखाली चुन्याच्या फक्कीनं रेघा मारून झाल्या. पाया खणायला मंगळवार ठरला.

त्याआधीच्या शनिवारी मी गेलो तो निव्वळ जायचं म्हणून. काम संपलं होतं. अक्कांनी मला फक्कीच्या रेघांतून फिरवून आणलं, इथं दार, इथं वेदी. मग खोलीत बसून त्या वडलांबद्दल बोलायला लागल्या. वडील त्या पाळकांचे धाकटे, थोरला पाळण्यातच गेलेला. ते लहान असताना त्यांची आई घर सोडून गेली, असं सगळे समजत.

"मना बाप मरस तवलोंग म्हने, मनी माय धुयाले गयी," अक्का म्हणाल्या. "त्याना बाप त्याले तेच सांगे. तो मोठा व्हयना तरी धुयाले गया की गल्लीगल्लीमा बायासना तोंडं देखत फिरे."

वडील मरेपर्यंत असं म्हणत, आई धुळ्याला गेली. मोठे झाल्यावरही धुळ्याला आले की गल्लोगल्ली बायकांचे चेहरे बघत फिरायचे. आई आपल्याला टाकून गेली, याची त्यांना जन्मभर लाज वाटली.

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. धाकटा रोज विचारतो. धुळ्यास गेली म्हणून सांगतो. मोडीत पूर्णविराम नसतो, वाक्यात कर्ता नव्हता, आणि मी तिथं आपल्या मनानं अर्जी बसवली होती. धाकटा म्हणजे सुतार नव्हता. ते त्यांचं पोर होतं. ताप वस्तीला नव्हता आला, किंवा आला असेलही, पण पत्रातला ताप एका बाईला आला होता. तिनं सांगितलं म्हणून पश्चिमेला खिडकी वाढवली होती. ते पाळकही माझ्यासारखेच होते, चारचौघांत बायकोला बायको न म्हणणारे. त्यांच्याजवळ बायको आणि चर्चचे लोक, दोन्हींसाठी एकच शब्द होता. चिंचेखाली त्यांनी तिला जागा दिली होती, आणि त्याच जागेवर मंगळवारी आम्ही कुदळी मारणार होतो.

मी पेटीतलं बाविसावं पत्र काढून पुन्हा पाहिलं. 'आता पश्चिमेच्या खिडकीची घाई नाही.' हे मी मदत मिळत नसल्याची निराशा म्हणून समजावलं होतं. तेविसाव्यात फक्त सागाच्या तुळया परत दिल्याचं होतं.

"काय व्हयनं, भाऊ?" अक्कांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "जीप चुकेल."

मी पळून आलो. दुसरा शब्द नाही. सांगितलं असतं तर चिंचेखालची जागा गेली असती, चर्च रस्त्यावर गेलं असतं, आणि अक्कांनी ज्यासाठी पेटी जपली ते सगळं माझ्या तोंडातून एका वाक्यात संपलं असतं. शिवाय माझी सही. चुकीची नोंद एकदा कायम झाली की तीच खरी होऊन बसते, असं हाताखालच्या माणसांना मी पस्तीस वर्षं दरडावत आलो होतो. आणि सगळ्यात खालचं कारण असं की, दोन महिने ज्या घरात मला जेवा म्हणत होते, त्या घरात मला चुकलेला म्हणून जायचं नव्हतं. रविवारी मुलाचा फोन आला. काही विशेष? काही नाही. सोमवारी मी स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिलो. बायको असती तर म्हणाली असती, जा आधी आणि सांगून मोकळे व्हा. तिला माझ्या ऐटीचा मनस्वी राग होता. पण ती नव्हती, त्यामुळे हे मला स्वतःलाच म्हणावं लागलं, आणि मी फारसा ऐकणारा नाही.

मंगळवारी पहिल्या गाडीनं गेलो. जीपवाल्याला दोनदा घाई केली. टेकाडावर पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गूळही वाटून झाला होता, तीसएक माणसं कुदळी-फावडी घेऊन उभी होती. मी धापा टाकत फक्कीच्या रेघेत जाऊन उभा राहिलो आणि हात वर केले. आयुष्यात इतक्या माणसांनी माझ्याकडे एकदम कधी बघितलं नव्हतं.

अक्कांसाठी खुर्ची आणली होती, पायाशी पत्रांची पेटी ठेवून त्या चिंचेखाली बसल्या होत्या. मी त्यांच्या चांगल्या कानाशी वाकलो, पण मला हळू बोलता येईना. सगळ्यांना ऐकू गेलं. मी चुकलो, असं आधी म्हटलं. मग पेटीतून पत्र काढून पुन्हा वाचलं, एकेक शब्द सोडवून. धाकटा म्हणजे तुमचे वडील. धुळ्यास गेली म्हणजे आई. ती धुळ्याला गेली नाही. तापानं गेली. लहान पोराला काय सांगायचं म्हणून त्यांनी तसं सांगितलं, आणि खरं सांगायची वेळ मग आलीच नसेल.

पाळकसाहेबांनी माझ्या हातून कागद घेतला आणि बघत राहिले. त्यांना मोडी येत नाही. कुणीतरी कुदळ जमिनीवर ठेवली.

अक्कांनी पायांखालच्या मातीकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे ती आठेच शे."

"हो, इथंच."

"मना बाप उगाच धुयामा फिरना." असं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. रडणं आवरल्यावर त्यांनी माणसांकडे बघून सांगितलं, "आठे काहीच बांधू नका. रस्तावर बांधा."

रस्त्यावाल्या तटातलं कुणी जिंकल्यासारखं दिसलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, इथं आपण एक दगड बसवू. आजीच्या नावाचा. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. "तिनं नाव पत्रमा लिखेल शे का, भाऊ?"

मी तेवीस पत्रं दोन महिने वाचली होती. त्यात दगड होते, चुना होता, तुळयांची लांबी होती, झापांची रुंदी होती. मी नाही म्हटलं. एकदाही नाही. अक्कांचे वडील तेव्हा तीन वर्षांचे होते, त्यांना आई एवढंच ठाऊक. वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं. माणसं फावडी उचलून हळूहळू उतरायला लागली.

मी अक्कांच्या खुर्चीजवळ खाली मातीवर बसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमना घरनी मंडळी," त्या म्हणाल्या, "तिनं नाव काय व्हतं?"

दोन महिन्यांत मी तिच्याबद्दल कितीतरी बोललो होतो, पण हे सांगितलं नव्हतं. मुलाशी बोलताना ती 'आई' असते. नातेवाइकांशी बोलताना 'ही'. मृत्यूच्या दाखल्यावर मी लिहिलं होतं, पण म्हटलं नव्हतं, आणि ती असतानाही लग्नात उखाण्यात घेतलं त्यानंतर कधी घेतल्याचं आठवत नाही. मी नाव सांगितलं. अगदी हळू.

"काय?" अक्कांनी कान पुढे केला. "जोरमा सांगा, भाऊ. माले ऐकू नही येत."

मी मोठ्यांदा सांगितलं. टेकाड उतरणारी माणसं थांबली आणि वळून बघायला लागली. त्यांना वाटलं, मी कुणाला तरी हाक मारली.